पोरगी छान लढली. पण कुस्ती कशी झाली?

मुलींच्या कुस्तीला आता गर्दी होते, टाळ्याही पडतात. पण त्या टाळ्या डावाला असतात की 'मुलगी असून लढली' याला? कुस्ती बघायची कशी आणि तिला गुण द्यायचे कसे, हे आपण बायकांनी शिकून घ्यायला काय हरकत आहे?

६ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० किलो गटात विनेश फोगाटसमोर जपानची युई सुसाकी उभी होती. सुसाकी म्हणजे साधीसुधी मल्ल नव्हे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिनं समोरच्या एकीलाही एकसुद्धा गुण न देता सुवर्णपदक घेतलं होतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तोवर ८२ कुस्त्या लढून ती एकदाही हरली नव्हती. सामना संपायला काही सेकंद उरले तेव्हा फलकावर आकडे होते, सुसाकी २, विनेश ०. टीव्हीसमोर बसलेल्यांनी 'गेली' म्हणून हात टेकले होते. तेवढ्यात विनेश झेपावली, सुसाकी खाली गेली, वेळ संपली, जपानच्या बाजूनं हरकत घेतली गेली आणि थोड्या वेळानं फलकावर आलं ३-२. विनेश जिंकली!

घरोघरी आरडाओरडा झाला. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण नंतर मी जिला तिला सहज विचारत होते, 'अगं, शून्याचे तीन कसे झाले?' तर बहुतेकींचं उत्तर एकच, 'ते काही कळलं नाही बाई, पण छान लढली पोरगी.'

त्याच रात्री विनेश अंतिम फेरीत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि ती स्पर्धेतूनच बाद झाली. मग देशभर चर्चा सुरू झाली ती वजनाची. तिनं रात्रभर काय केलं, केस कापले का, पाणी प्यायली का, सगळं आपल्याला पाठ झालं. पण ज्या कुस्तीत तिनं जगातल्या सर्वांत भारी मल्लाला हरवलं, ती कुस्ती मात्र बाजूलाच राहिली. बाईच्या बाबतीत असं नेहमी होतं, नाही का? तिच्या शरीराची चर्चा आधी, कामाची नंतर. ते काम समजून घेण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

शून्याचे तीन झाले कसे?

ऑलिम्पिकमध्ये महिलांची कुस्ती २००४ साली अथेन्सला आली. ती मॅटवर होते, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. एकीचा पोशाख लाल, दुसरीचा निळा. दोन्ही खांदे मॅटला टेकवले की कुस्ती तिथंच संपली. आपण त्याला चितपट म्हणतो. तसं झालं नाही तर गुण मोजायचे.

उभ्या प्रतिस्पर्ध्याला ताब्यात घेऊन खाली आणलं, दोन गुण. खाली असताना तिची पाठ मॅटकडे फिरवली, दोन गुण. उभ्यानं उचलून थेट पाठीवर आणली तर चार, आणि उंच उचलून जोरदार फेकली तर पाच. रिंगणाबाहेर ढकललं, एक गुण. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती थांबवतात. आणि एक महत्त्वाचं. जी मल्ल नुसतीच टाळाटाळ करते, तिला पंच आधी ताकीद देतात. मग तीस सेकंदांची मुदत सुरू होते. त्या तीस सेकंदांत कुणालाच गुण मिळाला नाही, तर समोरचीला एक गुण मिळतो.

आता विनेशची कुस्ती पुन्हा आठवा. सुसाकीचे दोन गुण असेच आले होते, दोन्ही फेऱ्यांत विनेशनं आक्रमण केलं नाही म्हणून एक-एक. म्हणजे सुसाकीनं डाव टाकून मिळवलेला गुण एकही नव्हता! विनेशनं पाच मिनिटं आपले पाय तिच्या हाती लागू दिले नाहीत. शेवटच्या क्षणी तिनं सुसाकीला खाली घेतलं, दोन गुण. झाले २-२. पण बरोबरी झाली तर ज्या मल्लाच्या नावावर जास्त गुणांचा डाव असतो, ती पुढे. सुसाकीचे एक-एक करून दोन, विनेशचा एकच डाव दोनाचा. म्हणजे २-२ वरच विनेश जिंकत होती. जपाननं हरकत घेतली, ती फेटाळली गेली, आणि हरकत फेटाळली की समोरच्याला एक गुण. म्हणून ३-२.

एवढं कळल्यावर ती कुस्ती वेगळीच दिसायला लागते. 'चमत्कार झाला' असं वाटत होतं, तिथं दिसतो एक हिशेब. दोन गुण जाऊ द्यायचे, पण पाय द्यायचे नाहीत. घड्याळाकडे लक्ष ठेवायचं, आणि समोरची निर्धास्त झाली की घुसायचं. महिनाअखेरीला घरखर्चाची तोंडमिळवणी करणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हा हिशेब कळणार नाही, असं कसं म्हणता येईल?

चार गुणांवरून पेटलेलं पुणं

खरं तर कुस्तीवर वाद घालणं, गुण देणं हे आपल्या मातीतलंच. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. त्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत महेंद्रनं 'बाहेरील टांग' लावली आणि पंचांनी त्या डावाला चार गुण दिले. झालं! सिकंदरचा खांदा टेकला होता का, डाव पूर्ण बसला होता का, चार द्यायला हवे होते की दोन, यावर पुढचे कित्येक दिवस पुणेच काय, सगळा महाराष्ट्र भांडत होता. कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर, एसटीच्या स्टँडवर, जो तो मोबाइलवर तो डाव पुढे-मागे करून बघत होता. गदा शेवटी शिवराज राक्षेनं नेली, पण लोकांच्या तोंडी होते ते चार गुण.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ सालची. मुलींसाठी गदा यायला बासष्ट वर्षं लागली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून ती पहिली गदा उचलली. फोटो छापून आले, सत्कार झाले, 'म्हारी छोरियाँ' छापाचे मथळे झळकले. सगळं चांगलंच झालं. पण त्या अंतिम कुस्तीत कुणाची पकड भारी होती, कुठला गुण वादाचा होता, वैष्णवी नेमकी कुठं कमी पडली, यावर तावातावानं भांडणारं कुणी माझ्या तरी कानावर आलं नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये वर्धा जिल्ह्यात देवळीला भाग्यश्री फंडनं गदा जिंकली तेव्हाही तेच. कौतुक भरपूर, पण चर्चा नाही.

कौतुक वाईट नसतं. पण नुसतं कौतुक आपण कुणाचं करतो? बालवाडीच्या स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या पिल्लांचं. ज्यांना आपण तोलामोलाचं मानतो, त्यांच्या कामाची आपण चिकित्सा करतो. गाणाऱ्या बाईचा सूर लागला नाही हे आपण सांगतो, सुगरणीच्या पुरणपोळीला पुरण कमी पडलं हेही सांगतो. मग रोज पहाटे उठून हजार-हजार बैठका मारणाऱ्या मुलीला 'छान लढलीस गं' एवढ्यावरच का सोडायचं?

हमीदा काय खायची, हे सगळ्यांना माहीत!

याची मुळं जुनी आहेत. आपल्याकडे कुस्तीचा हौदा म्हणजे पुरुषांचा. पुण्याच्या पेठापेठांतून तालमी होत्या, आजही आहेत. पण बाईनं हौद्यात उतरायचं नाही, हा रिवाज पिढ्यान् पिढ्या चालत आला. मैदानात कुस्त्या लागल्या की बायका फार तर घराच्या माळवदावरून बघणार. जे जवळून बघताच येत नाही, त्यातलं कळणार तरी कसं?

अशा काळात एक बाई हौद्यात उतरली होती, हमीदा बानू. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची, पुढे अलीगढला शिकून तयार झालेली. १९५४ च्या सुमारास तिनं 'मला हरवील त्याच्याशी लग्न करीन' असं आव्हान पुरुष पैलवानांना दिलं होतं. त्याच वर्षी बडोद्याला तिनं बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवलं. मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिन नावाच्या महिला मल्लाला एका मिनिटाच्या आत चीत केलं. गूगलनं ४ मे २०२४ रोजी तिचं चित्र आपल्या मुखपृष्ठावर लावलं तेव्हा कुठं नव्या पिढीला तिचं नाव कळलं.

आपल्या महाराष्ट्रानं तिला कसं वागवलं? पुण्यात रामचंद्र साळुंके या पैलवानाबरोबर तिची कुस्ती ठरली होती. स्थानिक कुस्ती संघटनेनं हरकत घेतली आणि ती रद्द झाली. कोल्हापुरात तिनं शोभासिंग पंजाबी याला हरवलं, तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड भिरकावले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. तिनं मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. त्यांचं उत्तर असं की, बाई आहे म्हणून मनाई नाही. तिच्यासमोर खोटे पैलवान उभे केले जातात, अशा तक्रारी आहेत म्हणून मनाई आहे.

आता तिच्या कुस्त्या खऱ्या होत्या की काही जुळवून आणलेल्या, यावर तेव्हापासून वाद आहे. तो आज मिटणार नाही. का मिटणार नाही, ते बघा. हमीदाचं वजन १०८ किलो होतं, उंची ५ फूट ३ इंच होती, हे नोंदलेलं आहे. ती रोज पाच-साडेपाच लिटर दूध, सहा अंडी, जवळजवळ किलोभर मटण, बदाम, अर्धा किलो लोणी आणि बिर्याणीच्या दोन थाळ्या फस्त करायची, ती नऊ तास झोपायची, हेही वर्तमानपत्रांनी लिहून ठेवलंय. पण तिचा हुकमी डाव कोणता? पकड कुठून घ्यायची? बाबा पहिलवान त्या दीड मिनिटात नेमका कशावर पडला? ते शोधायला जावं तर फारसं काही हाती लागत नाही. बघायला हजारो लोक होते, पण ते 'बाई' बघायला आले होते. कुस्ती बघून तिची नोंद ठेवणारा जाणकार डोळा तिच्या वाट्याला आला असता, तर आज तिच्या बाजूनं साक्ष द्यायला काहीतरी असतं.

तिचा शेवट ऐकवत नाही. तिनं युरोपात जाऊन लढायचं जाहीर केलं, आणि कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार तिला रोखण्यासाठी तिच्या वस्तादानंच, सलाम पहिलवानानं, तिचा हात मोडला. पुढे कल्याणला दूध विकून, घरगुती खाऊ रस्त्यावर विकून तिनं दिवस काढले. १९८६ मध्ये ती गेली.

ओसाकाच्या शाळकरी मुली

प्रेक्षकांत बायकाच बसल्या, आणि त्याही जाणकार, तर काय होतं, हे बघायला मात्र जपानला जावं लागतं. तिथं ऑलिम्पिकच्या कुस्तीशिवाय व्यावसायिक कुस्ती नावाचा वेगळा प्रकार आहे. आपण टीव्हीवर अमेरिकेची ती आदळआपट बघायचो ना, खली-बिली, त्याच जातीचा. यात निकाल आधीच ठरलेला असतो. पण पडणं, उचलणं, फेकणं खरं असतं आणि हाडंही खरीच मोडतात. एका अर्थानं आपल्या तमाशाच्या वगासारखंच. गोष्ट ठरलेली, पण ती रंगवायची मात्र त्या-त्या दिवशी अंगात असलेल्या कसबावर.

जपानमध्ये १९६८ साली मुलींच्या अशा कुस्तीची मोठी कंपनी निघाली, ऑल जपान विमेन्स. ती २००५ पर्यंत चालली. ऐंशीच्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका या जोडीनं तिथं वेड लावलं होतं. 'क्रश गर्ल्स' नव्हे हं, 'क्रश गॅल्स' हे त्यांचं नाव. त्या गाणीही म्हणायच्या. आणि त्यांच्या सामन्यांना प्रेक्षक कोण, तर शाळकरी मुली! दप्तरं घेऊन येणाऱ्या, घसा फुटेस्तोवर ओरडणाऱ्या. २८ ऑगस्ट १९८५ रोजी ओसाकात नागायो विरुद्ध खलनायिका डंप मात्सुमोतो असा सामना झाला. पैज अशी की जी हरेल तिचं मुंडण. नागायो हरली, भर रिंगणात तिचे केस कापले गेले आणि सभागृहातल्या मुली धाय मोकलून रडल्या. पुढे नेटफ्लिक्सनं २०२४ मध्ये मात्सुमोतोच्या आयुष्यावर मालिका काढली, त्यात हा प्रसंग आहे.

नाटकी वाटतं? आहेच नाटकी. पण त्या मुली घरी गेल्या की बघितलेल्याचा काथ्याकूट करायच्या. आणि या कुस्तीला गुण देणारेही होते. अमेरिकेतला डेव्ह मेल्ट्झर नावाचा पत्रकार वर्षानुवर्षं आपल्या पत्रकात सामन्यांना तारे देत आला, पाचपैकी. सिनेमाला देतात तसे. नव्वदच्या दशकात मानामी तोयोतासारख्या जपानी मल्लाच्या अनेक सामन्यांना त्यानं पूर्ण पाच तारे दिले. 'बायकांची कुस्ती असून' म्हणून सवलतीचे तारे नव्हेत. पुरुषांच्या सामन्यांना जी फुटपट्टी, तीच यांना. जगभरचे शौकीन त्या ताऱ्यांवरून आजही भांडतात. आणि त्या भांडणामुळेच तोयोताचा कुठला सामना थोर आणि कुठला यथातथा, हे आजही सांगता येतं. हमीदाच्या वाट्याला हे आलं नाही.

सगळंच काही गोड नव्हतं. त्या कंपनीत मुलींना तीन गोष्टींची बंदी, दारू, सिगारेट आणि पुरुष. आणि पंचविशीला निवृत्त व्हायचं, अशी रीत. आपल्याकडे 'आता कुस्ती पुरे, स्थळं बघायची आहेत' हे वाक्य ज्या वयात कानावर पडतं, साधारण तेच वय बघा! नागायो मात्र निवृत्तीनंतर परत आली, स्वतःची संस्था काढली आणि नव्या मुलींना घडवलं.

गुण कुस्तीला, मुलीला नव्हे

जपानचीच आणखी एक हकीकत सांगायला हवी, कारण गुण देण्याचं हत्यार दुधारी आहे. हाना किमुरा नावाची बावीस वर्षांची व्यावसायिक मल्ल. आईही याच क्षेत्रातली. हाना टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात आली होती. अनोळखी मुलं-मुली एका घरात राहतात आणि आपण बघतो, असा तो कार्यक्रम. तिथं घरातल्या एका मुलाच्या हातून तिचा रिंगणातला पोशाख धुण्यात खराब झाला आणि ती त्याच्यावर भडकली. बस्स. इंटरनेटवरून तिच्यावर शिव्याशापांचा पाऊस पडला. तिच्या दिसण्यावर, अंगावर, स्वभावावर. २३ मे २०२० रोजी तिनं स्वतःला संपवलं. त्यानंतर जपानमध्ये मोठा गहजब झाला आणि २०२२ मध्ये तिथं अपमानाच्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा ठेवणारा बदल कायद्यात झाला.

तारे देणारे आणि शिव्या देणारे, दोघंही प्रेक्षकच. फरक एवढाच की एकानं सामन्याला गुण दिले, दुसऱ्यानं मुलीला. आपल्याकडेही हेच बघायला मिळतं. मुलीचा कुस्तीचा व्हिडिओ गावात फिरतो आणि खाली काय लिहितात? 'दंड बघ', 'पोशाख बघ', 'हिच्याशी लग्न कोण करणार'. हे वाचून किती बापांनी मुलीची तालीम बंद केली असेल! २०२३ मध्ये देशातल्या नामवंत महिला मल्ल कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, तेव्हाही 'खरं काय, खोटं काय' यापेक्षा 'या पोरी उद्धट झाल्यात' हीच चर्चा जास्त. मुलीनं मॅटवर काय केलं, हे बोलायची सवय आपल्याला लागली, तर बाकीच्या वायफळ बोलण्याला जागा थोडी कमी उरेल.

माझी दहा गुणांची वही

म्हणून मी एक साधी पद्धत ठरवली आहे. कुस्ती टीव्हीवर असो की मैदानात, वहीत पाच रकाने, प्रत्येकाला दोन गुण, एकूण दहा. जिंकली-हरली याचा रकाना नाही. ते पंच बघतील.

पहिला रकाना पकडीचा. कुणाचे हात वर आहेत, मानेवर-मनगटावर ताबा कुणाचा, समोरची कुणाच्या मर्जीनं हलतेय? दुसरा आक्रमणाचा. स्वतःहून किती वेळा घुसली? एकेरी पट काढला की दुहेरी, कलाजंग, धोबीपछाड, ढाक यांतला काही मोठा डाव टाकायची हिंमत केली का? तिसरा बचाव आणि उलटडावाचा. समोरची पायाला लागली तेव्हा पाय काढून घेतला का, की तिथूनच उलट तिला पाडलं? चौथा दमसासाचा. शेवटच्या मिनिटात पाय तितकेच हलके आहेत का, की गुडघ्यावर हात टेकून उभी आहे? आणि पाचवा डोक्याचा. फलक, घड्याळ आणि रिंगणाची कड, तिन्हीचं भान आहे का?

या वहीत विनेश-सुसाकी कुस्तीचे माझे गुण असे. विनेशला बचावाचे दोन, डोक्याचे दोन, दमसासाचे दोन. पकडीचा दीड. आक्रमणाचा मात्र एकच. साडेपाच मिनिटं तिनं हल्ला केला नाही, हे सत्य आहे. तो डावपेच होता, तरी शेवटची झेप चुकली असती तर ०-२ अशीच हरली असती. एकूण साडेआठ. सुसाकीला पकडीचा दीड, आक्रमणाचा एक, बचावाचा दीड, कारण शेवटचा क्षण सोडला तर ती कुठं हलली नाही, दमसासाचे दोन, आणि डोक्याचा एकच. दोन गुणांच्या आघाडीवर शेवटच्या क्षणी अशी गाफील राहायची नसते. एकूण सात.

तुम्हाला हे पटणार नाही. विनेशला दहापैकी दहाच द्यायला हवेत, असं कुणी म्हणेल. कुणी म्हणेल, पाच मिनिटं थांबून राहणं हेच खरं आक्रमण, मग एक का? भांडा ना! तेच तर हवंय. घरातल्या पुरुषांशी भांडा, जावेशी भांडा, भाचीला विचारा. दोन बायका एका डावावर भांडायला लागल्या की समजा, मुलींची कुस्ती 'कौतुका'तून बाहेर पडली.

आणि हे टीव्हीपुरतं राहू नये. पुण्याजवळ आळंदीला जोग महाराज व्यायामशाळेत मुली कुस्ती शिकतात, कोल्हापूर जिल्ह्यात मुरगूडसारख्या गावातून मुली राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेल्या आहेत. तुमच्या तालुक्यातही शालेय कुस्ती स्पर्धा दरवर्षी होतात आणि त्यांत मुलींचे गट असतात. तिथं प्रेक्षक म्हणून बहुतेक वेळा कोण असतं? मुलीचे वडील, शाळेचे पीटीचे सर आणि पुढच्या कुस्तीची वाट बघत बसलेल्या दुसऱ्या मुली. आया दिसतच नाहीत. 'मला नाही बघवत बाई, लागलं-बिगलं तर' म्हणून आई घरी देवापुढे बसते. तिची काळजी खरी आहे. पण मुलीला हरल्यावर घरी येऊन जे सांगायचं असतं, की 'आई, माझा पट बरोबर बसला होता, पण पाय ओढायला उशीर झाला', ते ऐकून समजणारी आई असेल तर त्या मुलीची पुढची कुस्ती वेगळी होईल.

चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. हलगी वाजते, लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग मोठ्या जोडी लागतात. अलीकडे बऱ्याच मैदानांत मुलींचीही एखादी जोड असते. कित्येकदा ती ऊन डोक्यावर असताना, गर्दी जमायच्या आधीच उरकून घेतात. जत्रेच्या कुस्तीत फलक नसतो, गुण नसतात. चीत झाली तर निकाली, नाहीतर पंच हात धरून बरोबरीत सोडवतात. म्हणजे तिथं चांगल्या-वाईटाची नोंद फक्त बघणाऱ्याच्या डोक्यात राहते. या वर्षी मुलींची जोड किती वाजता आहे, हे जत्रा कमिटीला आधी विचारून ठेवा. दोघी-चौघी मिळून जा आणि पुढे बसा. मुलगी बरोबरीत सुटून धूळ झटकत बाहेर आली की तिच्या हातावर दहा-वीस रुपये बक्षीस ठेवा, तशी रीतच आहे. आणि ठेवताना 'शाब्बास'च्या पुढे आणखी एक वाक्य बोला. 'पोरी, पकड झकास होती तुझी. पण डावा पाय फार पुढे टाकतेस.' बघा ती कशी चमकून तुमच्याकडे बघते.

चौकट

कुस्ती बघताना कानावर पडणारे शब्द

एकेरी पट, दुहेरी पट : वाकून प्रतिस्पर्ध्याचा एक किंवा दोन्ही पाय धरून तिला खाली आणणं. मॅटवर सर्वाधिक दिसणारा डाव.

कलाजंग : वाकून समोरचीला आपल्या खांद्यावर-पाठीवर घेऊन पलीकडे टाकणं. बसला तर टाळ्या, चुकला तर आपणच खाली.

धोबीपछाड : हात धरून, पाठ वळवून, धोबी कपडा आपटतो तसं खांद्यावरून पुढे टाकणं.

भारंदाज : खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला मिठी घालून तिला लोळवणं. पाठ मॅटकडे फिरली की प्रत्येक वेळी दोन गुण.

बगलडूब : समोरचीच्या काखेखालून बुडी मारून तिच्या पाठीमागे जाणं.

वजनी गट : ऑलिम्पिकमध्ये महिलांचे सहा गट, ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६ किलो. जत्रेत जोड अंदाजानं लावतात, म्हणून दोघींची अंगलट आधी बघून घ्या. बारीक मुलगी जाड मुलीशी बरोबरीत सुटली, तर तिच्या बाजूनं एक गुण जास्त टाकायला हरकत नाही!